दाराच्या मापाचा कॅमेरा

बेळगावच्या टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एक कौलारू घर होतं. ते पाडून अपार्टमेंट करायचं ठरलं तेव्हा त्या घरच्या मुलीने मला बोलावलं. घर पडण्याआधी त्याचं त्रिमितीय मॉडेल करून हवं होतं, आणि तिच्या आईला, म्हणजे काकूंना, त्यातून कॉम्प्युटरवर फिरता यायला हवं होतं. टेप घेऊन मी आठवडाभर मापं घेतली. सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, माळ्यावर जाणारा लाकडी जिना. ब्लेंडरमध्ये सगळं उभं केलं, कौलांच्या फटीतून येणारा कवडसासुद्धा जमवला, आणि काकूंना बोलावून बाणांची बटणं दाखवली. त्यांनी पुढचा बाण दाबला तो सोडलाच नाही. कॅमेरा माजघराच्या भिंतीत शिरला, पलीकडे देवघरात निघाला, देवांच्या मधून गेला आणि थेट परसात पोचला. काकूंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "हे आमचं घर न्हवं की. देवघरातनं असं आरपार कोण जातंय?"

त्यांचं बरोबर होतं. भिंती होत्या, पण त्या फक्त दिसत होत्या. चित्र काढणाऱ्या इंजिनाला भिंत म्हणजे रंगवायचे त्रिकोण. अडवणं हे वेगळं काम आहे आणि ते आपण सांगितल्याशिवाय होत नाही. बेळगावात आणि निपाणीकडे वास्तुरचना आणि इंजिनिअरिंग शिकणारी मुलं आता असे वॉकथ्रू करतात, कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, कुणी बिल्डरच्या जाहिरातीसाठी. उजेड आणि फरशीची चमक यांवर दिवसच्या दिवस जातात, आणि अडवण्याच्या कामाला, म्हणजे कोलिजनला, शेवटची संध्याकाळ मिळते. मला हा क्रम उलटा वाटतो. घर आपल्याला कळतं ते ते कुठे अडवतं, कुठे वाट देतं, कुठे वाकायला लावतं यावरून. म्हणून रंगरंगोटीआधी, नुसत्या राखाडी भिंती असतानाच, कॅमेऱ्याला त्यातून नीट चालता आलं पाहिजे. ते कसं करायचं, ते त्या घराच्याच मापांनी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की कॅमेरा हा एक बिंदू असतो. त्याला जाडी नाही, खांदे नाहीत. "हा बिंदू भिंतीच्या आत आहे का" एवढंच तपासलंत तर डोळा भिंतीला चिकटेपर्यंत पुढे जाईल आणि पडद्यावर चुन्याचा एक मोठा डाग दिसेल. म्हणून बिंदूभोवती एक अंग कल्पायचं: उभा दंडगोल, किंवा वर-खाली गोल केलेली कॅप्सूल. तिची उंची माणसाएवढी, आणि त्रिज्या किती, हा खरा प्रश्न.

त्रिज्या दारावरून ठरवा. घरातलं सगळ्यात अरुंद दार शोधा, चौकटीच्या आतून माप घ्या. त्या घरात पुढचं दार ८५ सेंटिमीटर होतं, माजघराचं ७५ आणि देवघराचं अवघं ६०. कॅमेरा देवघरात जायलाच हवा होता. दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमीटर मोकळी सोडली तर व्यास ५० आणि त्रिज्या २५ सेंटिमीटर. आता पाहा, युनिटी या गेम इंजिनमध्ये कॅमेऱ्याच्या अंगासाठी नवीन कॅरेक्टर कंट्रोलर लावला की त्याची त्रिज्या ०.५ मीटर असते, म्हणजे व्यास पूर्ण एक मीटर. मोठ्या हॉलमध्ये ते चालून जातं. आपल्या जुन्या घरात मात्र पुढच्या दारातूनही आत जाता येत नाही, आणि नवखा माणूस तासभर कोड तपासत बसतो. चूक कोडात नसते, अंगाच्या मापात असते. (मॉडेल इंपोर्ट करताना सेंटिमीटरचं मीटर झालेलं नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या. आपल्याकडे गवंडी फुटा-इंचांत बोलतो, सॉफ्टवेअर मीटरमध्ये. एक दार मुद्दाम मोजून पाहिलं की खात्री होते.)

त्रिज्या कमी केली की लगेच दुसरा घोटाळा पुढे येतो, आणि तो कोलिजनचा आहे हे पटकन ओळखता येत नाही. भिंतीजवळ उभं राहून मान वळवली की पडद्याच्या कोपऱ्यात भिंतीला भोक पडतं आणि पलीकडची खोली दिसते. कॅमेरा तर भिंतीच्या बाहेर आहे, मग हे कसं? कारण कॅमेरा आपल्या अगदी पुढ्यातलं काही रंगवत नाही. त्याच्या समोर थोड्या अंतरावर एक काल्पनिक आयत असतो, निअर प्लेन. त्याच्या अलीकडचं सगळं कापून टाकलं जातं. हा आयत भिंतीत घुसला की भिंतीचा तेवढा तुकडा गायब.

इथे एकदा हिशेब करा, पुन्हा करावा लागणार नाही. निअर प्लेन ०.१ मीटरवर, उभा दृश्यकोन ६० अंश आणि पडदा १६ बाय ९ असेल, तर आयताची अर्धी उंची ०.१ गुणिले ३० अंशांचा टॅन, म्हणजे सुमारे ५.८ सेंटिमीटर. अर्धी रुंदी तिच्या १६ भागिले ९ पट, म्हणजे १०.३. आता कॅमेऱ्यापासून आयताच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर: १०, ५.८ आणि १०.३ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. साधारण १५.५ सेंटिमीटर येतं. बघणारा कुठेही मान वळवू शकतो, त्यामुळे हा कोपरा चहूबाजूंनी फिरणार. तेव्हा अंगाची त्रिज्या या अंतरापेक्षा मोठी हवी. आपली २५ आहे, ठीक. पण युनिटीचं मुळातलं निअर अंतर ०.३ मीटर असतं. त्याला कोपरा ४६ सेंटिमीटरवर जातो. अर्ध्या मीटरच्या त्रिज्येला तो चालतो, २५ सेंटिमीटरच्या त्रिज्येला नाही. म्हणून त्रिज्या आणि निअर प्लेन नेहमी जोडीने बदलायचे. एकाला हात लावून दुसऱ्याला विसरलात तर भिंत फुटणारच.

मग निअर प्लेन एक मिलिमीटरवर का नेऊ नये? कारण चित्रातली खोली (डेप्थ) मोजण्याची अचूकता निअर आणि फार (ज्याच्या पलीकडचं रंगवलं जात नाही ते) या दोन अंतरांच्या प्रमाणावर अवलंबून असते. निअर खूप जवळ आणलं की लांबची कौलं आणि त्यांखालच्या रिपा एकमेकींत लुकलुकू लागतात. घरासाठी ५ ते १० सेंटिमीटर पुरे.

आता अडवण्याकडे येऊ. सगळ्यांत सोपा कोड असा असतो: पुढची जागा भिंतीत असेल तर हलायचंच नाही. हा कोड चालतो, पण छळतो. भिंतीला जरासं तिरकं लागलं की कॅमेरा जागीच थिजतो. पुढचा बाण दाबलेला, रस्ता समोर दिसतोय, आणि हलता येत नाही. काकूंना मी दुसऱ्या दिवशी हेच दाखवलं आणि त्यांना वाटलं कॉम्प्युटर अडकला. प्रत्यक्षात आपण अंधाऱ्या बोळातून भिंतीला खांदा लावून जातो तेव्हा थांबत नाही, घसरत पुढे जातो. कॅमेऱ्यालाही तसंच घसरू द्यायचं.

त्याचं गणित एका ओळीचं आहे. भिंतीतून बाहेर येणारा एक मीटर लांबीचा लंब घ्या. आपल्या हालचालीचा त्या लंबाशी डॉट प्रॉडक्ट काढा. तो ऋण असेल तर आपण भिंतीकडे चाललो आहोत, तेव्हा लंब गुणिले तो डॉट प्रॉडक्ट एवढा भाग हालचालीतून वजा करा. उरते ती भिंतीला समांतर हालचाल. समजा या फ्रेममध्ये १० सेंटिमीटर जायचं आहे आणि भिंतीशी कोन ३० अंशांचा आहे. भिंतीत शिरणारे ५ सेंटिमीटर गेले, भिंतीच्या कडेने ८.७ राहिले. समोरासमोर आलात तर शून्य उरतं, आणि तेच हवं. डॉट प्रॉडक्ट धन असेल तर मात्र काहीही वजा करू नका, नाहीतर भिंतीपासून दूर जातानाही कॅमेरा तिला गोंद लावल्यासारखा चिकटतो. ही चूक मी बऱ्याच मुलांच्या कोडात पाहिली आहे.

भिंत लागली हे ओळखायला त्रिमितीची गरजही नसते. एका मजल्याचं घर वरून पाहा: भिंती म्हणजे रेषाखंड, माणूस म्हणजे वर्तुळ. १९९३ च्या डूम या गेमचे नकाशे असेच वरून आखलेल्या रेषांचे होते. प्रत्येक रेषाखंडावरचा वर्तुळाच्या केंद्राला सगळ्यात जवळचा बिंदू काढायचा. केंद्राची रेषेवरची छाया रेषाखंडाच्या टोकांबाहेर पडली तर ते टोकच जवळचा बिंदू. हे टोकांचं बंधन विसरू नका, भिंत संपते तिथेच दार सुरू होतं. त्या बिंदूपासूनचं अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर केंद्राला त्या बिंदूपासून दूर ढकलायचं, अंतर बरोबर त्रिज्येएवढं होईपर्यंत. एवढ्यानेच घसरणंही आपोआप साधतं. ज्यांनी ऑटोकॅडवर प्लॅन काढले आहेत त्यांना आणखी सोपं सांगतो: सगळ्या भिंती खोलीच्या आत २५ सेंटिमीटर ऑफसेट करा आणि उरलेल्या जागेत बिंदू फिरवा. गोष्ट तीच. १९९६ च्या क्वेक गेममध्येही खेळाडूच्या मापाने फुगवलेल्या भिंती आधीच तयार करून ठेवलेल्या असत.

कोपऱ्यात दोन भिंती भेटतात तिथे एकदा ढकलून भागत नाही. एका भिंतीने बाहेर काढलं की दुसरीत शिरतो. ढकलण्याची फेरी तीन-चार वेळा करा. तरीही कुठल्या भिंतीत उरलाच तर मागच्या फ्रेममधली चांगली जागा परत द्या. ती जागा नेहमी जपून ठेवलेली असावी. आणि भिंतीला अगदी टेकवून ठेवू नका, एक सेंटिमीटरची फट राहू द्या. नाहीतर आकड्यांच्या बारीक फरकांमुळे कॅमेरा प्रत्येक फ्रेमला आत-बाहेर करतो आणि भिंतीजवळ चित्र थरथरतं.

वेळेचं भान ही पुढची बाब. घरात चालताना सेकंदाला एक मीटर हा वेग बरा वाटतो, रस्त्यावर १.४. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेमला पावणेदोन सेंटिमीटरसुद्धा होत नाहीत, काही बिघडत नाही. पण जुन्या लॅपटॉपवर मोठी टेक्स्चर फाइल उघडताना अर्धा सेकंद चित्र अडखळलं, तर पुढच्या फ्रेमला कॅमेरा एकदम ५० सेंटिमीटर उडी मारतो. भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर उभा होता, भिंत नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर. उडीनंतर केंद्र भिंतीच्या पलीकडे दोन सेंटिमीटर, आणि आपलाच कोड त्याला इमानदारीने पलीकडच्या खोलीत ढकलून देतो! तेव्हा दोन बंधनं घाला. एका फ्रेमचा वेळ ०.०५ सेकंदापेक्षा जास्त धरायचा नाही, आणि हालचाल कितीही असो, तिचे १० सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर भिंती तपासायच्या.

चाल मऊ वाटावी म्हणून कॅमेरा हळूहळू सरकवण्याची सवय असते. ते मऊ करणं वेगावर करा, कोलिजन झालेल्या जागेवर नको. भिंतीच्या टोकाला वळसा घालताना मऊ केलेला कॅमेरा कोपरा कापून सरळ जातो, म्हणजे भिंतीतूनच. फक्त उंचीच्या बाबतीत हे नंतर केलेलं चालतं, आणि त्याचा उपयोग उंबऱ्याला होतो.

उंबऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तो १५ सेंटिमीटर उंच होता. पायाखाली किरण सोडून जमीन किती उंचीवर आहे हे विचारायचं, आणि फरक ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर अंग वर उचलायचं. लाकडी जिन्यालाही हाच नियम लावला तर कॅमेरा ठकठक करत चढतो, बघणाऱ्याला गरगरतं. जिन्यावर न दिसणारा एक सरळ उतार टाका आणि पायऱ्या फक्त दिसण्यापुरत्या ठेवा. पण लक्षात ठेवा, बऱ्याच इंजिनांत ४५ अंशांपेक्षा चढा उतार चढता येत नाही असं मुळातच ठरवलेलं असतं आणि आपले माळ्याचे जिने त्याहून उभे असतात. ती मर्यादा तेवढ्यापुरती वाढवावी लागते.

उंबरा आणि चौकट मिळून काय होतं ते पाहा. देवघराची चौकट जमिनीपासून १ मीटर ६५ सेंटिमीटर. डोळा मी दीड मीटरवर ठेवला होता. म्हणजे वर १५ सेंटिमीटर मोकळे, आणि निअर प्लेनचा कोपरा साडेपंधरावर. वर पाहिलं की चौकटीत भोक. शिवाय उंबऱ्यावर पाय ठेवला की डोळा आणखी १५ सेंटिमीटर चढतो आणि बरोबर चौकटीच्या लाकडात जातो. बाजूच्या भिंतींचा एवढा हिशेब केला, डोक्यावरच्या लाकडाचा केलाच नव्हता. उपाय असा: डोळ्यातून वर एक किरण सोडा, आणि वरचं लाकूड २० सेंटिमीटरपेक्षा जवळ आलं तर डोळा तेवढा खाली आणा, पाव सेकंदात, हळू. लाकूड माथ्यावर येण्याआधीच डोळा उतरायला हवा, म्हणून हा किरण हालचालीच्या दिशेने पाव मीटर पुढूनही सोडा. त्या देवघरात कॅमेरा उंबऱ्यावर २० सेंटिमीटर वाकून आत जाऊ लागला. आत गेल्यावर तो परत सरळ होतो.

दिसणारी भूमिती आणि अडवणारी भूमिती वेगवेगळी ठेवा, हे जितकं सांगावं तितकं थोडं. खांबाचं नक्षीकाम, दिवळ्या, खुंट्या, पाटा-वरवंटा या सगळ्याला कोलिजन लावलंत तर कॅमेरा प्रत्येक कंगोऱ्यावर अडखळेल. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती घ्या. रट्ट राजघराण्याच्या काळात, १२०४ मध्ये बिचिराजाने बांधवलेलं हे जैन मंदिर. छतातल्या दगडी कमळासाठी ते प्रसिद्ध आहे. तिथल्या खांबांना वर-खाली किती वळसे, किती कडा आहेत! चित्रासाठी ते सगळं हवं. अडवण्यासाठी मात्र प्रत्येक खांब एक साधं वर्तुळ: खांबाच्या केंद्रापासून अंतर खांबाची त्रिज्या अधिक आपली त्रिज्या यांपेक्षा कमी झालं की बाहेर ढकलायचं. आणि तिथे येणारा प्रत्येक जण वर बघणार आहे, तेव्हा मान वर असतानाही खांबाला घसरून पुढे जाता आलं पाहिजे. फोनने फोटो काढून बनवलेली मॉडेलं तर कोलिजनला कधीच जोडू नका. त्यांच्या भिंती खडबडीत असतात, जमिनीला भोकं असतात. त्यांच्यावर हाताने साध्या पेट्या बसवा. सामानाचंही तेच. पलंग एक पेटी, फडताळ एक पेटी, झोपाळा मोकळाच सोडा.

भोकांवरून विहिरीची आठवण झाली. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्या तात्पुरत्या वसाहतीला विजयनगर नाव दिलं होतं. टिळकवाडीचा काँग्रेस रोड आणि काँग्रेस विहीर ही तिची खूण. एका विद्यार्थ्याने ती जागा कॉम्प्युटरवर उभी करायला घेतली आहे, आणि मला ते काम फार मोलाचं वाटतं. तिथे दाराचं माप मिळत नाही, कारण उभारलेलं बहुतेक सगळं नंतर उतरवलं गेलं. मग त्रिज्या माणसाच्या खांद्यावरून घ्यायची, ती २५ ते ३० सेंटिमीटरच येते. पण विहिरीच्या काठाला त्याने कोलिजन लावलं नव्हतं. कॅमेरा आत पडला आणि पडतच राहिला, कारण तळालाही काही नव्हतं. प्रत्येक मॉडेलखाली, जमिनीच्या बरंच खाली, एक मोठी पट्टी ठेवा. तिला लागला की कॅमेरा शेवटच्या चांगल्या जागी परत.

हे सगळं हाताने लिहावं का? एकदा तरी लिहा. गोडोमध्ये कॅरेक्टर बॉडी आणि तिचं मूव्ह-अँड-स्लाइड बहुतेक काम करून देतं, युनिटीत कॅरेक्टर कंट्रोलर आहे, थ्री-जेएसच्या उदाहरणांत कॅप्सूल आणि ऑक्ट्री तयार मिळतात. पण आत काय चाललं आहे हे माहीत नसलं की दारात अडकलेला कॅमेरा सोडवता येत नाही. पाठीमागून माणूस दिसणारा कॅमेरा हवा असेल तर थोडं निराळं: माणसाच्या डोक्यापासून कॅमेऱ्यापर्यंत एक गोळा सरकवायचा, वाटेत भिंत लागली तर कॅमेरा झटकन जवळ आणायचा, आणि भिंत सरली की सावकाश मागे न्यायचा. लहान खोल्यांच्या घरात मी तो वापरत नाही. माजघरात पाठीमागे जागाच नसते.

तपासताना पुढचा बाण दाबून धरा आणि डाव्या हाताची भिंत न सोडता अख्ख्या घराला एक फेरी मारा. मग उजव्या हाताची. प्रत्येक कोपऱ्यात तिरकं घुसून गोल फिरा, वर पाहा, खाली पाहा. फ्रेमचा वेग मुद्दाम १० वर आणून हीच फेरी पुन्हा करा. आणि नंतर ज्याने कधी गेम खेळलेला नाही अशा माणसाच्या हातात द्या.

मी पुन्हा काकूंकडेच गेलो. या वेळी त्या सोप्यातून माजघरात आल्या, भिंतीला घासत दारापर्यंत गेल्या, देवघरात वाकून शिरल्या आणि बराच वेळ थांबल्या. मग स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी आल्या. ते दार मी बंद ठेवलं होतं, कारण पलीकडे काही बनवलंच नव्हतं. त्यांनी तीन-चार वेळा बाण दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या. "हे दार रात्रीशिवाय कधी लावलंच न्हाई ओ आम्ही," त्या म्हणाल्या. त्या रात्री मी परसू बनवायला घेतलं. न्हाणीघर, धुण्याचा दगड, कुंपणाची कमरेएवढी भिंत, आणि फणसाचं झाड. बुंध्याला ३० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ लावलं.